पाणी बंद करायचं नसतं

"पाणी चालू हाये ना?"

कुठलंही इंजिन सुरू झालं की त्यांचा पहिला प्रश्न हा. मग ते शेजाऱ्याच्या मोटारसायकलचं का असेना. मोटारसायकलला कसलं पाणी, असं म्हटलं की हसायचे, पण उलटा हात इंजिनजवळ नेऊन पाहायचेच.

जुनवानीत आमच्या शेजारी राहणारे हे काका मूळचे भंडाऱ्याकडचे. अख्खी नोकरी पोलाद कारखान्यात, भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्यावर गेली. तिथला एकच धर्म: भट्टी पेटलेली असो नाहीतर थांबलेली, पाणी तोडायचं नाही. "पाणी तुटलं तं भट्टी गेली," हे त्यांनी इतकं ऐकवलं होतं की आम्ही सगळी गल्ली त्यांच्याआधीच ते म्हणून टाकायचो.

निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात, तुम्हीही पाहिली असतील. यांनी हथखोजच्या वर्कशॉपमधून पत्रे वाकवून आणले आणि अंगणात शिडाची होडी बांधायला घेतली. वारा पडला तर असावं म्हणून एक छोटं डिझेल इंजिन. इच्छा एकच, काकूंना एकदा जलाशयावर फिरवून आणायचं. काकू पाण्याला भ्यायच्या. त्यात इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घ्यावं लागतं, म्हणून काकांनी होडीच्या तळाला भोक पाडलं.

"आपल्याच हातानं नावेले भोक पाडून राहिले हे! मी नाही बसत जी."

"अवं, भोकावर व्हॉल्व्ह हाये, त्याच्यावर जाळी हाये. तू कावून भिऊन राहिली?"

होडी पाण्यात उतरली. काका चालवताना पुढे कमी आणि मागेच जास्त पाहत. मागच्या नळीतून पाणी पडतंय ना, एवढंच त्यांना हवं असे. जलपर्णीची मुळं अडकली की जाळी टूथब्रशनं घासत. तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह बंद, लगेच पुन्हा चालू.

शेवटी काकू एका रविवारी यायला कबूल झाल्या. आदल्या संध्याकाळी काका होडी तपासून आले आणि सवयीनं पाणी चालूच ठेवून आले. होडी सोडून जाताना व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, हे त्यांना माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं. रात्री व्हॉल्व्हवरचा रबरी पाइप निसटला आणि होडीत पाणी भरलं. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर नुसती डोलकाठी दिसत होती.

"बरं झालं, मी आतमंधी नव्हती," काकू म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

होडी ओढून काढली, इंजिन खोलून पुसलं, पाइपाला दुहेरी क्लिपा बसल्या. पण व्हॉल्व्ह बंद ठेवून निघायला त्यांचा हात काही धजेना. "मले नाही जमत, बाप्पा."

"मंग सरका. मीच करते बंद," म्हणत काकू पदर खोचून होडीत उतरल्या. भीती कुठे गेली कोण जाणे. तेव्हापासून दर रविवारी त्या सोबत. फेरी झाली की त्या व्हॉल्व्ह बंद करायच्या आणि काका तोंड फिरवून बसायचे.

एका थंडीत काकूंना ताप होता, म्हणून काका एकटेच गेले. त्याच आठवड्यात झोपेत त्यांचं हृदय थांबलं.

तेरवी उरकल्यावर काकूंना एकदम आठवलं, होडीचं पाणी चालूच राहिलं असेल. मी त्यांना जलाशयावर घेऊन गेलो. होडी तरंगत होती. काकू आत उतरल्या, फळी उचलली, हात खाली व्हॉल्व्हवर ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच राहिला.

"यायनं बंद केला होता रे," त्या म्हणाल्या.

तेरवीतसुद्धा न रडलेली ती बाई होडीत बसून हमसाहमशी रडली.