तळहातावरचं वर्तुळ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसून पान उलटते. आमच्या घरात हा विषयच नव्हता. बाबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली आणि घरी येऊन देव, ताईत, दारावरचं लिंबू, सगळं काढून टाकलं. भूत म्हटलं तरी आम्हाला रागावायचे. त्यामुळे हे लिहिताना मला भीतीपेक्षा लाज जास्त वाटते... बाबा आज असते तर हे छापून आलेलं पान मी त्यांच्यापासून लपवलं असतं. तरी लिहिते, कारण घडलं ते घडलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. मी दहावीला होते. त्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली. आमच्याच गावात नाही, देशभर, आणि पेपरवाले म्हणायचे की जगात ठिकठिकाणी. नागपुरात असं घर नव्हतं जिथे कोणाचे तरी डोळे आले नव्हते. सीताबर्डीच्या फूटपाथवर काळ्या गॉगलचे ढीग लागले. औषधाच्या दुकानांत बोरिक पावडर मिळेना. लोकांचा समज असा की नुसतं डोळ्यांत पाहिलं तरी साथ लागते. म्हणून रस्त्यात ओळखीचं माणूस भेटलं तरी जो तो जमिनीकडे बघून बोलायचा. शाळा पूर्ण बंद नव्हत्या, पण अर्धे वर्ग रिकामे असायचे आणि बोर्डाचं वर्ष म्हणून आमचा वर्ग कसाबसा चालू होता.

आम्ही नागपुरातल्या इंदोरा वस्तीत राहायचो. बाबा मिलमध्ये, आई घरी बिड्या वळायची. मी बर्डीजवळच्या मुलींच्या शाळेत. आम्हाला भूमिती शिकवायला सोहोनीबाई होत्या. फार छान शिकवायच्या. आम्हाला आडनावाने हाक मारायच्या, मी मेश्राम.

एका सकाळी उठले तर माझे डोळे चिकटलेले. आईने कोमट पाण्याने धुऊन दिले आणि मी शाळेत गेले, कारण टेस्ट जवळ आली होती. तास सुरू होताच बाईंचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"मेश्राम, उठ. दप्तर घे," त्या म्हणाल्या. "तुमच्या वस्तीत एकाला झालं की सगळ्यांना होतं. पाणी कसलं, राहणं कसलं... इथे सगळा वर्ग आजारी पडेल."

पुढच्या बाकावर दोन मुली काळे गॉगल लावून बसल्या होत्या. त्यांना कोणी उठवलं नाही. मी दाराशी पोचले तर बाईंनी शिपाईबाईला बोलावलं आणि माझं बाक फिनाईलने पुसून घ्यायला लावलं. मी तिथेच उभी राहिले. का उभी राहिले, माहीत नाही. पुसून होईपर्यंत पाहत राहिले, आणि सगळा वर्ग माझ्या डोळ्यांत न पाहता माझ्याकडे पाहत होता.

घरी आल्यावर आईला काही सांगितलं नाही. पण संध्याकाळी बाबांनी काढून घेतलंच. म्हणाले, "काहून मान खाली घालून बसली? डोळे आले तुले, चोरी नाही केली. बरी झाली का पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसायचं."

दुसऱ्या दिवसापासून डोळे पूर्ण मिटले आणि अंगात तापही भरला. उजेडाचा कण सुद्धा सुईसारखा टोचायचा. आमची एकच खोली. आईने एका कोपऱ्यात जुन्या हिरव्या लुगड्याचा पडदा बांधला आणि त्याच्यामागे माझं अंथरूण टाकलं. ती दारात सूप घेऊन बिड्या वळत बसायची. मी आत पडून टेस्टचा विचार करायची. भूमिती तर ऐकूनही येत नाही, आकृती पाहावी लागते. मला रडू यायचं आणि रडलं की डोळ्यांची आणखी आग आग व्हायची.

चारपाच दिवस तसेच गेले असतील. एका दुपारी खडूचा वास आला. नंतर अगदी जवळून आवाज.

"सुनंदा, हात पुढे कर."

सोहोनीबाईंचा आवाज. शंकाच नाही. पण सुनंदा? त्यांनी कधी मला नावाने हाक मारली नव्हती. मी घाईघाईने उठून बसले. मला काय वाटलं असेल सांगा... आनंद? नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई आमच्या घरात. खोलीभर तंबाखूचा वास, फाटकी गोधडी, छपरातून गळणाऱ्या पाण्याखाली ठेवलेला डबा. आणि माझ्या डोळ्यांना पिवळी घाण लागलेली. मी तोंड फिरवलं, पण हात पुढे केला.

एका थंड बोटाने माझ्या तळहातावर वर्तुळ काढलं. मध्ये टिंब. मग वर्तुळाला खालून टेकणारी एक सरळ रेघ.

"रिक्षातून येताना पुढे बैलबंडी चालली असली तर तिच्या चाकाकडे बघ," आवाज म्हणाला. "चाक रस्त्याला एकाच जागी टेकतं. रस्ता म्हणजे स्पर्शिका. आणि जो आरा त्या जागेवर येतो, तो तेवढ्यापुरता ताठ उभा असतो. जरा कलला की ती जागा सुटली. म्हणून त्रिज्या स्पर्शिकेला लंब. कळलं?"

"कळलं बाई," मी म्हणाले.

असं दुपारी-दुपारी होत राहिलं. रोज पुढचं प्रमेय, तेही तळहातावर. मी लाजेने आईला काही विचारलं नाही. मला वाटायचं, आई त्यांना आत सोडते आणि तिलाही संकोच होतो म्हणून बोलत नाही. शेवटी एकदा न राहवून म्हणाले, "आई, बाईंना चहा तरी विचारत जा."

"कोणती बाई वं?"

"सोहोनीबाई. आत्ता गेल्या त्या."

आईचे हात थांबले असावेत, कारण सुपातला कात्रीचा आवाज थांबला. "मी तं सकाळपासून दारातच बसून आहो. आत मांजर नाही गेलं. तू एकटीच बोलून राहिली होती, मले वाटलं पाठ करून राहिली."

त्या संध्याकाळी आई बाबांना हळूच म्हणाली की शेजारची एक बाई उतारा करून देते. बाबा म्हणाले, "आपल्या घरात उतारे होत नाही. पोरीले ताप आहे, तापात माणूस बोलते." पण दुसऱ्या दिवशी ते मिलमध्ये गेले नाहीत. दुपारी पडद्याच्या आत, माझ्या पायथ्याशी येऊन बसले.

आवाज आला. मी हात पुढे केला. पाठ झाला, नेहमीसारखाच. नंतर बाबा उठून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

"तुले आवाज आला?" त्यांनी विचारलं.

"हो. तुम्हाला?"

"मले नाही." मग म्हणाले, "पण तुह्या तळहाताची कातडी दबून राहिली होती. गोल गोल. बोट नव्हतं कोणाचं."

मी हात पांघरुणात ओढून घेतला.

"मी पाहिलं ते मले पटत नाही, अन् खोटंही म्हणता येत नाही," बाबा म्हणाले. "कोणाले सांगू नको. लोक म्हणतीन, याचं सारं शहाणपण दुसऱ्याच्या घरापुरतं होतं." त्यांचा आवाज मी तसा आधी कधी ऐकला नव्हता. डोळे बंद होते म्हणून बरं झालं, त्यांचा चेहरा पाहावा लागला नाही.

त्यानंतर आवाज आला नाही. डोळेही हळूहळू उघडले.

शाळेत गेले आणि त्याच बाकावर बसले. सोहोनीबाईसुद्धा त्याच सुमारास रजेवरून परतल्या होत्या, काळा गॉगल लावून. त्यांनी नवा धडा काढला, स्पर्शिकेचा, आणि विचारलं की कोणी घरी वाचून पाहिला का. मी उठले. फळ्यावर वर्तुळ काढलं, रेघ काढली आणि बंडीच्या चाकाचं सगळं सांगितलं. सांगून वळले तर बाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. "बस, मेश्राम," एवढंच म्हणाल्या.

तास संपल्यावर त्यांनी मला व्हरांड्याच्या टोकाशी नेलं.

"हे चाकाचं तुला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच बाई."

त्यांनी गॉगल काढला. डोळे अजून लाल होते. "तुला घरी पाठवलं आणि आठवड्याच्या आत माझेही आले. डोळ्यांवर पट्ट्या ठेवून अंधारात पडून होते. दुपारी झोप यायची नाही. सारखी तू दिसायचीस, दाराशी उभी. मग मी मनातल्या मनात तुला शिकवत बसायचे. ते चाक मला अंथरुणातच सुचलं. मी अजून कोणाजवळ बोलले नाही." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "तुमच्याकडे... हिरवा पडदा आहे का? आणि तंबाखूचा वास येतो?"

माझे कान तापले. इतकी विलक्षण गोष्ट कानांवर पडत होती आणि माझ्या मनात एकच आलं, की यांनी सगळं पाहिलं. ती गोधडी, तो डबा, माझं तोंड.

"हो बाई," मी म्हणाले. "हिरवाच आहे."

"माझं चुकलं, सुनंदा," त्या म्हणाल्या. पण म्हणण्याआधी त्यांनी मागे वळून व्हरांड्यात कोणी नाही ना, ते पाहून घेतलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "बाईंले म्हण, आता एकदा दारातून या. आम्ही बसवतो."

मी निरोप दिला. "येईन हं, नक्की येईन," बाई म्हणाल्या. आई कित्येक रविवार तंबाखूची टोपली बाजूला सारून, खाटेवर धुतलेली चादर टाकून ठेवायची. बाई आल्या नाहीत. वर्गात मी मेश्रामच राहिले. दहावीनंतर त्यांची-माझी भेट नाही.

पुढे मी ओळखीच्या एका डॉक्टरांना हे दुसऱ्या कोणाचं म्हणून सांगून पाहिलं. त्यांनी ताप, अशक्तपणा, मनावरचा ताण अशी कारणं दिली. माझ्यापुरती ती पटतातही. पण बाबांना ताप नव्हता. आणि हिरवा पडदा बाईंना कसा दिसला, त्यांच्या मनातलं चाक माझ्या हातावर कसं आलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही, कोणाकडून मिळेल असंही आता वाटत नाही. त्या वर्षी भूमितीत मला शाळेत सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. पाहुणे कौतुकाने विचारायचे, ट्यूशन कोणाची लावली होती? मी आणि बाबा, दोघंही तेव्हा खाली बघायचो.