मुळशीच्या पाण्यावर, धडधडत्या छातीने

ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी पुण्यात टेलिफोन ऑपरेटर होते, वय चौतीस. एका दुपारी शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण बोलता बोलता कोसळली आणि दवाखान्यात पोहोचण्याआधीच गेली. तेव्हापासून माझी छाती कधीही धडधडू लागे, हातांना मुंग्या येत. वाटे, आता आपली पाळी. डॉक्टरांनी कार्डिओग्राम काढला आणि म्हणाले, "हृदय उत्तम आहे. मनाला विश्रांती द्या." ती कशी द्यायची, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

माझ्याबरोबर काम करणारी सुमन म्हणाली, "माझ्या गावाला चल. आई रोज बुद्धविहारात ध्यानाला बसते. दोन दिवस तिच्याजवळ राहा." तिचं गाव मुळशी धरणाच्या पलीकडच्या काठावर, म्हणजे होडी आली. मला पोहता येत नाही. पण घरात बसून तरी कुठे जीव थाऱ्यावर होता? मुलीला नवऱ्याकडे सोपवून निघाले.

माघातला शनिवार. स्वारगेटहून सकाळची एस.टी. पकडली. पिरंगुटच्या चढावर इंजिन तापलं आणि तासभर खोळंबा झाला. लोक खाली उतरून विड्या ओढत गप्पा मारत होते; मी एकटी आत बसून मनगटावरची नाडी चाचपत होते. पौडच्या स्टँडवर सुमनने गरम भजी घेतली, मला घास गिळवेना. धरणाकाठच्या माले गावी उतरेपर्यंत दुपार कलली. तुम्ही कधी त्या बाजूला गेलात तर एवढं ध्यानात ठेवा: पाण्यावर दुपारनंतर वारा सुटतो. होडीने जायचं तर सकाळीच.

सुमनची आई, सोनाबाई, आम्हाला न्यायला काठावर आली होती. साठीची, काटक बाई. नावाड्याने पाण्याकडे पाहिलं. "वारं हाय. पर जाऊ, हळू जाऊ."

अर्ध्यावर आलो आणि लाटा होडीच्या कडेला थडकू लागल्या. माझा श्वास अडकला. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी चक्क उभी राहिले. "मला उतरायचंय."

होडी एका बाजूला कलली. "खाली बसा, बाई. समदी बुडू," नावाडी ओरडला. सोनाबाईंनी मनगट धरून मला खाली ओढलं.

"माझ्याकडं बघ. आत्ता काय हुतंय, सांग."

"मी मरतेय."

"त्ये म्होरचं. आत्ता काय हुतंय?"

"छाती धडधडतेय."

"आन्?"

"हात गार पडलेत. पाय भिजलेत."

"कशानं भिजलं?"

मी खाली पाहिलं. होडीत घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. सोनाबाईंनी पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "काढ पानी."

मी पाणी उपसू लागले. भीती जराही कमी झाली नाही. पण डबा भरायचा, बाहेर ओतायचा, पुन्हा भरायचा. काठ लागला तेव्हा दंड भरून आले होते आणि छातीकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

वर चढताना मी विचारलं, "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. माझा भाऊ ह्याच पान्यात गेला."

"मग होडीत कशा बसता?"

"घरी रडायचं तवा लई रडले. होडीत बसलं की होडीतच बसायचं. भाऊ आन् मरान, दोगांस्नी संगं घिऊन बसलं तर होडी बुडंलच की."

संध्याकाळी आंबेमोहोराचा भात आणि सुकटीचं कालवण झालं. कितीतरी दिवसांनी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सकाळी सोनाबाईंबरोबर विहारात बसले. येणारा-जाणारा श्वास नुसता बघायचा, असं त्यांना पावसाळ्यात येऊन राहिलेल्या भंतेजींनी शिकवलं होतं. मी श्वासाकडे पाहू लागले आणि उलट तोच अडकल्यासारखा झाला. घाबरून डोळे उघडले. सोनाबाई रागावल्या नाहीत. "श्वास जमंना तर ऱ्हाऊ दे. तांदूळ निवडाय चल." दुपारपर्यंत आम्ही सुपातले खडे वेचले. मन दर दोन मिनिटांनी पुण्याला पळे. एखादा खडा तसाच राही, मग सोनाबाई बोटाने दाखवत. "ह्यो बघ. कुटं गेली हुतीस?"

सोमवारी भल्या सकाळी परत निघालो. पाणी आरशासारखं शांत होतं, तरी छाती धडधडलीच. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून मी ती धडधड ऐकत बसले. या वेळी उठले नाही.

मी बरी होऊन परतले, असं सांगितलं तर ते खोटं होईल. आठच दिवसांनी मंडईत, ऐन गर्दीत, पुन्हा तेच: अंधारी, मुंग्या, आता संपलं. पूर्वी मी पिशवी टाकून रिक्षा गाठली असती. त्या दिवशी थांबले. पाय चपलेत आहेत. हातात मेथीची जुडी आहे, ओली आहे. घशाला कोरड पडली आहे. भाजीवालीने विचारलं, "बाई, घेताय ना?"

"घेते," मी म्हणाले. दोन जुड्या घेतल्या आणि चालत घरी आले.