सासुरवाडीच्या रेडिओची तपासणी

मे १९७४, कुंडल. हजर: पलटणीतून निवृत्त झालेले सासरे, सासूबाई, बायको, लग्नानंतर पहिल्यांदाच सासुरवाडीला आलेला मी आणि मुका झालेला रेडिओ.

मी हवाई दलात विमानांची रडारं तपासून दुरुस्त करत असे. सासरे म्हणाले, "पाव्हणं, इमानाचं रडार नीट करता, मग आमचा रेडिओ तुमास्नी काय जड हाय?" जावयाची परीक्षाच होती ती.

सवयीप्रमाणे मी पाच हत्यारं वहीत लिहून चटईवर मांडली. रेडिओत एक तार सुटली होती. ती आवळून प्लग लावताच गाणं सुरू झालं आणि सासूबाईंनी खुशीत चहा टाकला. पण परत मोजली तर हत्यारं चारच. छोटा स्क्रूड्रायव्हर गायब. आमच्याकडे हरवलेलं हत्यार सापडेपर्यंत विमान उडत नसे, म्हणून मीही मागचं झाकण लावेना.

"आवं, रेडिओ काय उडनार हाय व्हय?" सासरे हसले. बायकोने मान खाली घातली.

घरभर शोधून झाल्यावर मी प्लग काढून रेडिओतच टॉर्च मारली. स्क्रूड्रायव्हर स्पीकरच्या चुंबकाला चिकटून बसला होता. सासऱ्यांचं हसू थांबलं. "मोजनी लय कामाची तुमची," ते म्हणाले.

झाकण लावून मी वही त्यांच्यापुढे धरली. काम दुसऱ्याने तपासून सही करायची, हाही आमचा नियम. त्यांनी पान नीट वाचून वही परत दिली.

"आठ दिस वाजू द्या. मग करतो."

रेडिओ पुढे कित्येक वर्षं वाजला. सही अजून राहिली आहे.