होटगीच्या आभाळाची काच

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, तर सोलापूरच्या फोटोवाल्या चाचांचे. आमच्या घरात मॅट्रिकपर्यंतही कुणी गेलं नव्हतं. वळसंगहून शिकायला आलो तो त्यांच्या स्टुडिओच्या माडीवर राहिलो. पुण्यात बी. ए. करतानाही सुट्टीत तिथंच येऊन त्यांच्या फोटोच्या काचांवर, म्हणजे काचेच्या निगेटिव्हवर, ब्रश चालवायचो.

चाचा गिऱ्हाइकांसाठी माणसं टिपत आणि स्वतःसाठी फक्त ढग. झाड नाही, घर नाही. ढग उठून दिसावेत म्हणून भिंगापुढे पिवळी काच लावून नुसतं आभाळ. त्या निगेटिव्हच्या पाकिटांवर लिहीत, 'राग', 'उसंत', 'उगाच'. मला याचं मोठं कुतूहल. एका ढगात मला हत्ती दिसला.

"हत्ती बघायचा तर सर्कशीत जा," चाचा म्हणाले.

"मग यात काय बघायचं?"

"त्या दिवशी मला कसं वाटत हुतं, ते."

"ढगाला कुठलं मन, चाचा?"

"ढगाला न्हाय. मला हाय की."

एका वर्षी जूनमध्ये, मी सुट्टीत आलेलो असताना, त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन विजापूरला गेली. होटगी जंक्शनवरून तिची गाडी सुटल्यावर चाचांनी तिथलं आभाळ टिपलं. ती काच त्यांनी माझ्या टेबलावर वाळत ठेवली. कडेला फलाटाच्या छपराची रेघ आली होती. गिऱ्हाइकाच्या इमारतीमागचं आभाळ काचेवर लाल रंगानं बुजवायचं, म्हणजे कागदावर ते स्वच्छ पांढरं उठतं, ही आमची रीत. छप्पर बघून ती गिऱ्हाइकाचीच काच समजलो आणि सगळं आभाळ बुजवलं.

"होटगीची काच वाळली का रे?" खालून चाचांनी विचारलं, तेव्हा लक्षात आलं. घाईनं धुतली. उन्हानं तापलेल्या पाण्यात काचेवरचा, चित्र धरून ठेवणारा मसालाच सुटून आला.

चाचांनी ती कोरी काच उजेडात धरली. "मी धुतली तवाच पाणी गरम असणार. बर्फ घालायला पायजे हुता."

मी लाल रंगाची बाटली मागे सरकवली. पुण्याला परतलो, पण अभ्यास सुचेना. शेवटी हे पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप चाचांस साष्टांग नमस्कार. होटगीची काच तुमच्या हातून गेली नाही. मी तिच्यावर लाल रंग लावला आणि गरम पाण्यात धुतली. तुम्ही स्वतःला दोष देत होता, तेव्हा मी समोर उभा होतो. रंग लावण्याआधी मी ती पाहिली होती. एका अंगाला ढग दाट, दुसरीकडे विरत गेलेला, मधे काहीच नाही. बघताना, मी शिकायला निघालो तेव्हा वळसंगच्या वेशीपाशी थांबलेली माझी आई आठवली. का, ते कळलं नाही, आणि मी ब्रश उचलला. पाकिटावर तुम्ही काय लिहिणार होता? दिवाळीत येऊ की नको, तेही कळवावे."