बायनाबाईचा नागपुरातला सोमवार

लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तरी बायनाबाई नवऱ्याच्या बरोबरीनं कधी चालली नव्हती. खुशाल खोब्रागडे जंगलखात्यात गार्ड होता. धानोऱ्यापलीकडच्या जंगलातली एकेक पायवाट त्याच्या पायाखालची. अमावस्येच्या अंधारातही त्याला कुणी सोडलं तर तो घरी येईल, असं साहेबलोकसुद्धा म्हणत. आठवडी बाजाराला जायचं झालं तरी तो दहा पावलं पुढे आणि बायनाबाई टोपली सांभाळत मागे. हाक मारली तर तो थांबे, पण वळून पाहत नसे.

बायनाबाई सातवी पास होती आणि गावातल्या बालवाडीत सेविका होती. तक्त्यावरचा वाघ दाखवून ती पोरांना ‘वा वाघाचा’ शिकवायची, आणि पोरं तिलाच सांगायची की बाई, वाघाचे कान एवढे मोठे नसतात. मोटार, विमान, आगगाडी, कारखाना यांची चित्रं ती दाखवायची, पण त्यातलं निम्मं तिनं स्वतः पाहिलेलं नव्हतं. नागपूरला ती तीनदा गेली होती, तिन्ही वेळा दसऱ्याला दीक्षाभूमीवर, ट्रकमध्ये बसून. त्या गर्दीत तिला माणसांच्या पाठी तेवढ्या दिसल्या होत्या.

“एक दिवस मले नागपूर दाखवा,” असं ती नवऱ्याला म्हणायची. “पायी पायी. घाई नाई करायची.”

“जाऊ ना,” खुशाल म्हणायचा.

पण एका वर्षी उन्हाळ्यात जंगलाला आगी लागल्या, दुसऱ्या वर्षी तेंदूपत्त्याचं काम निघालं, तिसऱ्या वर्षी त्याची बदली होता होता राहिली. असं करता करता चौऱ्याऐंशी साल उजाडलं आणि खुशालच्या बहिणीच्या, आशाबाईच्या, पोरीचं लग्न नागपूरला इंदोऱ्यात निघालं. लग्न रविवारी. परतीची एसटी सोमवारी दुपारी चारला. मधला सोमवार मोकळा.

“तो सोमवार तुहा,” खुशाल म्हणाला. एवढं सरळ तो क्वचितच बोलायचा.

बायनाबाईनं वहीचं कोरं पान फाडून त्यावर चार नावं लिहिली. सीताबर्डीचा किल्ला, महाराजबाग, अजब बंगला, दीक्षाभूमी. महाराजबागेत प्राणी आणि अजब बंगल्यात जुन्या वस्तू ठेवलेल्या असतात, असं तिनं ऐकलं होतं. कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला.

सोमवारी सकाळी सातलाच दोघं निघाली. आशाबाई दारापर्यंत आली. “दादा, सिटी बस घ्या. नाई त रिक्षा करा,” ती म्हणाली.

“माणसानं माणसाले ओढावं, हे मले पटत नाई,” खुशाल म्हणाला. “अन् बस कायले पायजे? आमी रोज जंगलात दहा कोस चालतो.”

बायनाबाईला सायकलरिक्षाबद्दलचं त्याचं म्हणणं पटत होतं. बसबद्दलचं पटत नव्हतं. पण पायी हिंडायचं तिनंच मागितलं होतं, म्हणून ती त्याच्या मागे निघाली. लग्नासाठी घेतलेल्या नव्या चपला मात्र पहिल्या फर्लांगातच चावायला लागल्या होत्या.

अर्ध्या तासानं रस्त्याला फाटा आला. तिथे उजवीकडे बाण दाखवणारी पाटी होती. बायनाबाईनं मोठ्यानं वाचली, “सीताबर्डी.”

खुशाल आभाळाकडे बघत होता. “ह्या बाजूनं,” असं म्हणून तो डावीकडे वळला.

“अवो, पाटी इकडची हाये.”

“पाटी मोटरीवाल्यायसाठी असते. पायी जाणाऱ्याले जवळचा रस्ता येगळा.”

“कोणाले इचारून त पाहा.”

“कायले इचारायचं? सूर्य आहे ना.”

आणि तो सूर्यावर भरवसा ठेवून निघाला. जंगलातल्यासारखाच दहा पावलं पुढे. बायनाबाईनं एकदा चालण्याचा वेग वाढवून त्याला गाठलं, तर तोही नकळत वेगानं चालू लागला. किराण्याची दुकानं गेली, कापडाची गेली, मग भांड्यांची गल्ली लागली. समोरून हातगाड्या येत होत्या, मागून सायकलवाले घंट्या वाजवत होते. एका दुकानात आरसा लावलेला होता. त्यात तिला पुढे निघालेला नवरा आणि मागे लंगडणारी आपण, अशी दोघं दिसली. तिला हसू आलं नाही.

मग हवेत लाकडाच्या भुशाचा वास आला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना लाकडाच्या टाली, म्हणजे वखारी, होत्या, आतून आरा मशीनचा आवाज येत होता. खुशाल थांबला. त्या सकाळी पहिल्यांदाच तो मनापासून थांबला.

“हे सागवान पाहा,” तो म्हणाला आणि थेट एका टालीत शिरला.

तिथे ओंडक्यांची थप्पी रचलेली होती. खुशाल वाकून एकेका ओंडक्याचं टोक बघू लागला. जंगलातून बाहेर पडणाऱ्या मालावर खातं हातोड्यानं शिक्का उमटवतं, तो शिक्का तो शोधत होता. टालीचा मुनीम बाहेर आला, “क्या होना?” म्हणून. खुशालनं आपण जंगलखात्याचे असल्याचं सांगितलं. मुनीम घाबरून कागद दाखवायला लागला, तर खुशाल म्हणाला, “नाई जी, तपासायले नाई आलो. आमच्या रेंजचं लाकूड आहे का, एवढंच पाहतो.”

निघालं. खालून तिसऱ्या ओंडक्यावर त्याच्या रेंजचा शिक्का निघाला. खुशालनं त्यावर हात ठेवला. “हा माल मीच मोजला होता,” तो बायनाबाईला म्हणाला. “नाल्याच्या वरच्या अंगाचा.”

त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी तिला ते आवडलं असतं. पण ऊन वर चढलं होतं, चपलेनं टाच सोलली होती, आणि ज्या झाडांमध्ये तिची एकोणीस वर्षं गेली तीच झाडं बघायला ती नागपूरला आली नव्हती.

“चाला ना आता,” ती म्हणाली.

“चाललो.”

पण त्यानं दुसरी थप्पी बघितली, मग तिसरी. मुनिमानं चहा मागवला. त्या चहापायी तास गेला.

तिथून बाहेर पडल्यावरही खुशालनं कुणाला विचारलं नाही. सूर्य आता डोक्यावर आला होता, त्याच्यावरून काहीच कळत नव्हतं. एकाच देवळासमोरून दोघं दोनदा गेली. तिसऱ्यांदा बायनाबाईच एका पानठेल्यावर गेली आणि विचारून आली. पानवाल्यानं नीट रस्ता सांगितला. खुशाल त्याच रस्त्यानं चालला, पण आपल्याला तो आधीपासून ठाऊक असल्यासारखा.

किल्ल्यापाशी पोचली तर फाटकावर बंदूकवाला जवान उभा. किल्ला फौजेच्या ताब्यात होता, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी असे काही ठरावीक दिवस सोडले तर आत सोडत नव्हते. सव्वीस जानेवारी जाऊन तीन आठवडे झाले होते. बायनाबाईनं गाठ सोडून कागद काढला, पहिलं नाव बघितलं आणि कागद पुन्हा बांधला.

महाराजबागेशी पोचेतो साडेबारा वाजले. फाटक बंद. चौकीदार सावलीत डबा खात बसला होता.

“कुठून आले जी?” त्यानं विचारलं.

“धानोऱ्याहून,” बायनाबाई म्हणाली.

“अरे बाप्पा! आज सोमवार आहे ना बाई. सोमवारी बंद राहते. अजब बंगला बी बंदच राहते.”

बायनाबाई फाटकाच्या गजांना धरून उभी राहिली. आतून कुठला तरी पक्षी ओरडत होता. कुठला, ते दिसत नव्हतं.

“जाऊ दे,” खुशाल मागून म्हणाला. “जनावरं काय पाहायची? आपल्या इथी रोजच दिसते.”

ती वळली. एकोणीस वर्षांत ती नवऱ्यावर रस्त्यात कधी ओरडली नव्हती, म्हणून आवाज किती मोठा लावायचा याचा तिला अंदाज नव्हता.

“तुमाले दिसते! मले कुठी दिसते? मी चुलीपाशी अन् बालवाडीत! लग्नघरी एवढे माणसं होते, सोमवारी काय चालू राहते, हे एकाले तरी इचारलं तुमी? पाटी वाचून दाखवली त पाटी मोटरीवाल्याची! पुसा म्हटलं त सूर्य आहे! मले नागपुरात काय दाखवलं तुमी? लाकडं!”

चौकीदारानं डब्यात मान घातली. खुशालनं टोपी काढून पुसली आणि पुन्हा घातली.

बायनाबाईनं चपला काढून हातात घेतल्या. “मी दीक्षाभूमीले चालली. यायचं त या, नाई त एसटी स्टँडवर भेटा.”

रस्त्याच्या कडेला एक बाई बोरं विकत होती. तिला बायनाबाईनं वाट विचारली. पुढच्या चौकात एका पोलिसाला विचारलं, त्यापुढे सायकल दुरुस्त करणाऱ्याला. वाटेतली प्रत्येक पाटी तिनं वाचली, दवाखान्याची, शाळेची, वकिलाची सुद्धा. डांबर तापलं होतं, ती रस्त्याच्या मातीच्या कडेनं चालली. मागे वळून तिनं पाहिलं नाही, पण खुशालच्या खाकी बुटांचा आवाज तिला येत होता. दहा पावलं मागे.

दीक्षाभूमीवर त्या दुपारी गर्दी नव्हती. स्तूपाचं काम चालू होतं, बांबूच्या परांच्या बांधलेल्या, सिमेंटचे ढीग पडलेले. बायनाबाईनं हात जोडले आणि बोधिवृक्षाखाली बसली. तीन दसऱ्यांत तिला ते झाड बुंध्यापर्यंत कधी दिसलं नव्हतं. एका पोरीनं नळावरून तांब्याभर पाणी आणून दिलं. ते तिनं प्यायलं, थोडं टाचेवर ओतलं.

खुशाल येऊन जरा अंतरावर बसला. म्हणाला, “मले इथी काईच ओळखू येत नाई. जिकडे पाहावं तिकडे सारखंच. घरं मधात येते.”

“मंग तसं सांगाले काय झालं होतं?”

“गार्ड माणूस. रस्ता इचारला त लोक काय म्हणतीन?”

“कोण लोक? इथी कोण ओळखते तुमाले?”

बायनाबाईचा राग जिरला नव्हता. त्याची कीव आली होती, पण राग त्या किवेच्या शेजारीच बसलेला होता. अर्ध्या तासात उठावं लागलं. चारची एसटी मिळाली, जागा मात्र मिळाली नाही. उमरेडपर्यंत दोघं दांडा धरून उभी होती. उमरेडला एक जागा रिकामी झाली तेव्हा खुशालनं तिच्याकडे बघितलं. ती बसली आणि धानोरा येईपर्यंत उठली नाही.

बालवाडीतल्या बायांनी विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाया हसल्या. गिरजाबाई म्हणून म्हातारी होती, ती म्हणाली, “माही सारी उमर गेली, मी त तेवढं बी नाई पाह्यलं.” ते बायनाबाईच्या मनात राहिलं.

पुढच्या हिवाळ्यात सेविकांचं प्रशिक्षण नागपूरला लागलं. खुशाल म्हणाला, “रजा टाकतो, मी बी येतो.” बायनाबाई नको म्हणाली. रविवारी ती दोघी सेविकांबरोबर महाराजबागेत गेली, अजब बंगल्यात गेली, सिटी बसमध्ये चुकीच्या बाजूनं चढली आणि उतरून बरोबर बाजूनं चढली. रस्ते तिनं वहीत काढून आणले.

त्याच वहीच्या आधारानं शहाऐंशीच्या फेब्रुवारीत ती गावातल्या सात बाया घेऊन निघाली. गिरजाबाई त्यांत होती, तिला दोघींनी दंडाला धरून एसटीत चढवलं. दिवस तिनं शनिवार धरला होता.

खुशाल स्टँडवर पोचवायला आला. शिदोऱ्या त्यानं खिडकीतून आत दिल्या, कंडक्टरला उगाच दोनदा सांगितलं की बाया आमच्या गावच्या आहेत. मग खिडकीपाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “रस्ता नाई समजला त कोणाले बी इचारा. लाजू नका.”

बायनाबाईनं मांडीवरच्या वहीवरून नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं गाडी काढली.