सासरवाडीचं मैदान

गेल्या हिवाळ्यात आमच्या मैदानात पाण्याच्या टाकीसाठी खड्डा खणला आणि आमचा कबड्डी संघ बेघर झाला. स्पर्धेचा नियम असा, की प्रत्येक संघाने एक सामना आपल्या मैदानावर घ्यायचा. स्वतःचं किंवा उसनं मैदान नसेल तर सामना समोरच्यांना बहाल. आधीचा सामना आम्ही हरलो होतो. हा गेला की स्पर्धेतून बाहेर.

मी संघाचा कारभारी. म्हणालो, ‘मैदानाचं माझ्याकडं लागलं.’

वारूळवाडीवाले त्यांचं मैदान द्यायला तयार होते. जवळ, सपाट, उत्तम माती. पण तिथे मला कोण ओळखतं? मी निवडलं महाळुंगे पडवळ, माझी सासरवाडी. जावई संघ घेऊन आलाय हे सासरच्यांनी पाहावं, एवढाच काय तो माझा खेळाचा अभ्यास. पोरांना मात्र सांगितलं, ‘सगळा गाव आपल्या बाजूनं ओरडंल.’

‘नक्की ना, भाऊ?’ कर्णधाराने विचारलं.

‘सासरवाडी हाय माझी.’

मेव्हण्याने स्वतः ट्रॅक्टर फिरवून मैदान दाबलं, फक्कीच्या रेषा मारल्या. समोर अवसरी बुद्रुकचा संघ. गाव खरंच आमच्या बाजूने ओरडलं आणि मध्यंतराला आम्ही चार गुणांनी पुढे होतो.

त्या मध्यंतरात एका म्हाताऱ्याने त्यांच्या चढाईपटूला विचारलं, ‘तू कुणाचा रं?’

त्याने आईचं नाव सांगितलं. ती याच गावची लेक निघाली. मी त्या पोराची उंची, वजन, तो कुठल्या पायाने लाथ मारतो, सगळी माहिती काढली होती. आईचं माहेर तेवढं विचारायचं राहिलं.

दुसऱ्या डावात तो चढाईला निघाला की बायकासुद्धा टाळ्या वाजवायला लागल्या. सगळ्यात मोठा आवाज माझ्या मेव्हण्याचा. मी त्याचा दंड धरला. ‘अरे, आमी घरचे ना?’

‘दाजी, तुमी पाव्हणं,’ मैदानावरची नजर न काढता तो म्हणाला. ‘त्यो गावचा भाचा हाय.’

आम्ही दोन गुणांनी हरलो. सासूबाई कुणाला उपाशी सोडेनात. दोन्ही संघ एका पंगतीला बसले; पहिलं ताट भाच्यापुढे गेलं. कर्णधार माझ्याशेजारी होता. एरवी तो दीड भाकरीवर हात धुतो. त्या दिवशी चौथी मागून घेतली.

‘वाढा मावशी,’ तो म्हणाला, ‘आता कुठं पळायचंय आमाला.’