सगळ्या राज्याचा एकच खासदार

बायको गेल्यावर मी जॉन्सनव्हिलच्या लायब्ररीत दिवस काढायचो. शेजारी एक म्हातारा अमेरिकन लोकरी मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इकडच्या अंगठ्याच्या रबरी चपला, चढवून पेपर वाचायचा. एकदा त्याला म्हटलं, "आमचे मराठी लोक म्हणतात, काही लागलं तर सांगा, आम्ही सगळे आहोत."

मोज्यावरूनच अंगठा खाजवत तो म्हणाला, "आमच्या मोंटानात दोन खासदार होते. जनगणनेत एक जागा गेली. पुढची तीस वर्षं सगळ्या राज्याला मिळून एकच. आमच्या गावी तो एकदा आला, तेही पेट्रोल भरायला. तुम्हाला नक्की काय लागतंय?"

"गवत गुडघ्यापर्यंत आलंय. ते बायकोच कापायची."

त्याने पत्ता विचारला. बुधवारी गवत कापायचा मोवर घेऊन दारात हजर.

"गवत माझा मतदारसंघ," तो म्हणाला. "रडायला दुसरा खासदार बघा."

त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. बुधवार मात्र चुकलेला नाही.